भोकाचं मेज

"चिकटलं. परत चिकटलं. बोट लावायचा अवकाश, की धरून बसतंय. माहेरी निघालेल्या बाईचा पदर पोरानं धरावा तसं."

न्हाणीच्या अर्धवट लोटलेल्या दाराआड बसम्मा एकटीच पुटपुटत होती. दाक्षायणी अक्कलकोटहून नुकतीच येऊन पोचली होती, हातातलं गाठोडंही तिने अजून खाली ठेवलं नव्हतं. सासू कुणाशी बोलते आहे म्हणून तिने फटीतून पाहिलं. आत दुसरं कुणी नव्हतं. म्हातारी एका हिरव्यागार मेजासमोर उभी राहून उजव्या हाताचं बोट पदराला पुसत होती, आणि पदरावर आधीच्या हिरव्या रेघा होत्याच.

दाक्षायणी बहिणीच्या सुनेच्या बाळंतपणाला म्हणून गेली होती. आपण घर सोडलं की घर काहीतरी करून ठेवतं, हा तिचा लग्नापासूनचा अनुभव. एकदा गेली तेव्हा नवऱ्याने बैल बदलला होता. एकदा अंगणातला शेवगा तोडला होता. ह्या वेळी मेज रंगवलं होतं.

मेजाची कथा अशी. दाक्षायणीचा जावई चनबसप्पा हुबळीला रेल्वेच्या कचेरीत कारकून. वैशाखात लग्न झालं, आणि पहिल्याच सकाळी तो सासरच्या न्हाणीत जाऊन आला नि बायकोला हळूच म्हणाला, "साबण कुठं ठेवतात इथं?" चंद्रव्वाने ते आईला सांगितलं, आईने हसत हसत नवऱ्याला सांगितलं, आणि तिथेच चुकलं. भीमाशंकर हसला नाही. मंगळवार पेठेत तीन पिढ्यांचा तेलाचा घाणा, दारात दुकान, पेठेत मान, आणि आपल्या न्हाणीत जावयाला साबण ठेवायला जागा नाही, ही गोष्ट त्याच्या मनाला कुसळासारखी लागून राहिली.

दसऱ्याच्या सुमारास एका गिरणीचा साहेब विलायतेला परत निघाला. बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला आणि भीमाशंकर पेंडीच्या गाडीतून हे मेज घेऊन आला. उभं राहून तोंड धुवायचं मेज. वर संगमरवरी फरशी, मागे आरसा, खाली खण, आणि फरशीच्या मधोमध हे एवढं गोल भोक. भोकात बसायचं चिनी मातीचं भांडं लिलावात दुसऱ्याच कुणी नेलं होतं.

"मेज घ्यायला गेलास आन् भोक घेऊन आलास," बसम्मा म्हणाली होती. तेव्हापासून त्याचं नाव भोकाचं मेज.

मग त्या भोकात घरातलं एकेक भांडं बसवून पाहणं सुरू झालं. तपेलं मावेना, तांब्या आरपार जाई. शेवटी तेल गाळायचं पितळी भगुणं गळ्यापर्यंत अलगद बसलं, तेव्हा भीमाशंकरने असा चेहरा केला, की जणू ते भगुणं आजोबांनी ह्याच दिवसासाठी घडवून ठेवलं होतं. राहिला रंग. लाकडाची झिलई पापुद्रे सुटून गेली होती, खणाला मुठी नव्हत्या. दाक्षायणीने सांगितलं होतं, सोड्याने धुऊ, तेलाचा हात फिरवू, बास. जावई तोंड धुणार आहे, मेजाची पूजा करणार नाही.

आता तिने दार पुरतं ढकललं आणि मेज नीट पाहिलं. पेठेतले टांगे रंगवणारा ज्ञानू, त्याचंच हे काम, ओळखायची गरज नव्हती. ज्ञानूचा कुंचला एकदा चालू झाला की बैल आपसूक थांबतो तसा थांबत नसे, त्याला कुणीतरी धरावं लागे. खणावर गुलाब होते. दोन्ही बाजूंना पोपट होते. आरशाच्या अंगाला, हे नक्की नवऱ्याचं डोकं, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या नंदीध्वजाच्या दोन उंच काठ्या काढल्या होत्या, बाशिंगासकट. खणाला मुठी म्हणून चंद्रव्वाच्या पाळण्याचे पितळी मोर लावले होते. वाईट म्हणता येणार नव्हतं. पण एका पोपटाच्या पोटाला कोंबडीचं पीस चिकटलं होतं, गुलाबांवर घाण्याचा भुसा बसला होता, आणि कडेला म्हातारीने विभूतीचा हात टेकला असावा, तिथे तीन पांढरी बोटं उमटली होती.

"कधी रंगवलं, अव्वा?"

"तू गेलीस त्याच्या तिसऱ्या दिशी. रोज सकाळी तुजा नवरा बगतोय आन् म्हणतोय, उद्या वाळंल."

दाक्षायणीने करंगळी खणाच्या कडेला टेकवली. करंगळी धरली गेली. ती सोडवून तिने नाकाशी नेली, आणि हातातलं गाठोडं हळूच खाली ठेवलं.

शेंगदाणे. चटणी कुटताना उखळातून येतो तसा, गोडसर, खमंग वास. रंगात कालवायचं ते जवसाचं तेल. त्याचा वास कसा असतो हे तिला कुणी सांगायला नको होतं, ओल्या पोत्यासारखा, कडवट, एकदा नाकात बसला की दिवसभर उठत नाही. जवसाचं तेल वाळतं, म्हणून रंग वाळतो. शेंगांचं तेल जन्मात वाळत नाही. हे घाण्यावरच्या बैलालाही ठाऊक असेल.

"अव्वा, तेल कुणी दिलं रंगात?"

"कोण देनार? तेलाच्या घरात तेल बाहेरनं येतंय व्हय?" म्हातारीने भिंतीकडे पाहिलं. मग जरा थांबून म्हणाली, "थंडी लई हाय औंदा. म्हणून वाळंना."

"व्हय," दाक्षायणी म्हणाली. "थंडीच."

आणि दोघीजणी न्हाणीतून बाहेर आल्या.

भीमाशंकरचं नाक हे पेठेतलं एक न्यायालय होतं. कुणाला तेलात भेसळीचा संशय आला की तो वाटी घेऊन इथे यायचा. भीमाशंकर डोळे मिटायचा, वाटी नाकाशी धरायचा, एक थेंब तळव्यावर चोळायचा आणि सांगायचा, करडईत सरकी घातलीय, किंवा बी जुनं होतं. त्यावर कुणी वाद घातला नव्हता. मग गेल्या थंडीत त्याला ताप आला, डोकं आठवडाभर भरून राहिलं, ताप उतरला, माणूस उठून दुकानात बसला. एक दिवस चुलीवर दूध करपून घरभर धूर झाला आणि हा शेजारी बसून शांतपणे पान लावत होता, तेव्हा दाक्षायणीला कळलं, ह्याला वास येत नाही.

तिने करपलेलं भांडं घासायला टाकलं. पुढच्या खेपेला कुणी वाटी घेऊन आला तेव्हा भीमाशंकरने डोळे मिटले, वाटी नाकाशी धरली, आणि ती तशीच धरून राहिला. दाक्षायणी दुकानामागच्या दारात उभी होती. वारा आत येत होता, तिला वास येत होता. ती एकदा खोकली. "चोख हाय," भीमाशंकर म्हणाला. तेव्हापासून हे चालू होतं. एकदा खोकलं की चोख, दोनदा खोकलं की भेसळ. ठरलं कधीच नव्हतं. नवरा-बायकोत बऱ्याच गोष्टी अशाच असतात, ठरलेल्या नसतात म्हणून टिकतात. पेठेतल्या बायका तिला अडुळशाचा काढा सुचवत आणि ती मुकाट्याने ऐकून घेई.

दुपारी भीमाशंकरने ज्ञानूला बोलावून घेतलं. ज्ञानू अंगणात येऊन उभा राहिला, डोक्याला मुंडासं, नखांत सगळे रंग.

"ज्ञानू, हा रंग कुटनं आणला?"

"नेहमीच्याच दुकानातनं, मालक. ह्याच डब्यातनं कोंडीबाचा टांगा केलाय. फिरतोय की गावभर."

"मग हितंच त्याला काय धाड भरली?"

ज्ञानूने मुंडाशात बोट घालून डोकं खाजवलं. "तेल जरा..."

"तेलाचं काय?"

"काय न्हाय, मालक." ज्ञानूने दारातल्या दाक्षायणीकडे पाहिलं. दाक्षायणीने डोक्यावरचा पदर सारखा केला. "थंडी हाय," ज्ञानू म्हणाला.

"तेल मी माज्या हातानं काडून दिलंय. हुंगून दिलंय."

अंगणात कुणी कुणाकडे बघेना. घाण्याच्या बैलाने मान हलवली, घंटा वाजली.

"हुंगून दिलंय मी," भीमाशंकर पुन्हा म्हणाला, आणि आवाज जरा चढला. "तुजा रंगच खोटा हाय. आज जावई येतोय आन् पोपटावर कोंबडीचं पीस. लाज न्हाय वाटत?"

ज्ञानू मुंडासं सारखं करत निघून गेला. दाक्षायणीला राग आला, पण तो नेमका कुणाचा हे तिला ठरवता येईना. नवऱ्याचा म्हणावं तर त्याचं तोंड उतरलं होतं. ज्ञानूचा म्हणावं तर तो बिचारा. सासूचा म्हणावं तर ती पोथी उलटी धरून वाचत होती. शेवटी तिने मेजावरच काढला. भिजवलेलं फडकं घेऊन गेली आणि पोपटाच्या पोटावरचं पीस उपटलं. पिसाबरोबर पोपटाचं पोट आलं.

तिथेच, फडकं हातात असताना, तिच्या मनात आलं. मेजाला शेंगांचं तेल लागलंय. मग जवसाचं तेल कुठं आहे?

ती सासूपुढे जाऊन बसली. "अव्वा, मी गेल्यावर दुकानात काय काय हलवलं?"

"काय हलवनार? सणाची सफाई केली. डबे सोड्यानं घासले." बसम्माने पोथी मिटली. "वरच्या खडूच्या खुणा गेल्या सगळ्या. तो म्हणला, मी लावतो परत. मी म्हणलं, दाक्षायणी येऊ दे, मग लाव. तर माज्यावरच उखडला. कशाला, म्हणे, तिला काय दोन नाकं हायती?"

दाक्षायणी उठली. देवघराबाहेर एक डबा पाटावर ठेवला होता, त्याला झेंडूचा हार, वर हळदकुंकू. दुसऱ्या दिवशी भोगी. भोगीला गड्ड्याचं यण्णीमज्जन, नंदीध्वजांची मिरवणूक गावातल्या अडुसष्ट लिंगांना फिरते आणि प्रत्येक लिंगाला तेलाने न्हाऊ घालतात. त्यासाठी ह्या घरातून गोड्या, म्हणजे शेंगांच्या, तेलाचा एक डबा जातो. भीमाशंकरचा बाप खांद्यावर नेत असे, आता भीमाशंकर नेतो, अनवाणी. डब्यावर खडूने मोठं 'गोडं' लिहिलं होतं. अक्षर नवऱ्याचं, ठसठशीत.

तिने झाकण उचललं. ओलं पोतं. कडवट.

रंगाने दोन्ही तेलं पिवळीच, जवस जरा गडद, पण देवघराच्या अंधारात तेवढंही कळायचं नाही. कळणार होतं ते उद्या, मानकऱ्यांच्या हातात, सगळ्या गावासमोर. आणि ह्याच्या शेजारी दुकानात आणखी किती डब्यांवर ठसठशीत अक्षर होतं, देव जाणे.

तिने झाकण लावलं. हार नीट केला. दिवेलागणीला तो बाहेर गेला की डबा बदलून टाकायचा, दुकानातले सगळे हुंगून खुणा बदलायच्या, हे तिने ठरवूनही टाकलं. वर्षभर केलं तेच. एवढं सोपं होतं, की तिला स्वतःचाच वीट आला.

मग स्टेशनवरून टांगा आला आणि जावई उतरला. चंद्रव्वा मागून, अंगाने जरा भरलेली, हातात फणसाएवढी पिशवी. पाणी झालं, पाया पडणं झालं. भीमाशंकरने जावयाला बसूही दिलं नाही.

"आधी तोंड धुवा. न्हाणीत सगळी सोय केलीय."

चनबसप्पा आत गेला. बाहेर सगळे कान देऊन उभे. भगुण्यात पाणी पडल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. मग कापड हळूहळू सोलल्यासारखा आवाज आला.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पांढऱ्या शर्टाची उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत हिरवी होती आणि त्यावर एक अख्खा गुलाब उलटा उमटला होता.

"छान आहे मेज," तो म्हणाला. "ओलं आहे का जरा?"

"न्हाय," भीमाशंकर म्हणाला.

"न्हाय," बसम्मा म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं," जावई म्हणाला आणि हात पाठीमागे धरून उभा राहिला. शहाणा पोरगा. पण त्याचा शहाणपणा पाहून दाक्षायणीला रडावं की हसावं कळेना. सणाला आला, आणि पहिल्याच घटकेला आम्ही ह्यालाही आमच्यातला करून टाकला. ह्यालाही आता थंडी वाजेल.

दिवे लागले. भीमाशंकर बाहेर गेला नाही. न्हाणीच्या दारात कंदील घेऊन उभा राहिला. पोपटाला पोट नाही, खणावर गुलाबाच्या जागी जावयाच्या बाहीचे धागे, हे तो बराच वेळ पाहत होता. मग वळला. ओटीवर बसम्मा, चंद्रव्वा आणि जावई बसले होते, दाक्षायणी कंदिलाची काच पुसत होती.

"उद्या यण्णीमज्जन झालं की मी टांगेवाल्यांना सांगनार," तो शांतपणे म्हणाला. "ज्ञानूच्या रंगात भेसळ हाय म्हणून. पेठेत कुनी त्याच्याकडनं चाक बी रंगवून घेनार न्हाय."

आणि ते खरं होतं. भीमाशंकर भेसळ म्हणाला की भेसळ. ज्ञानूचा कुंचला त्या एका शब्दाने मोडला असता.

दाक्षायणीच्या हातातली काच थांबली. डबा बदलता येईल, खुणा बदलता येतील. हे कशाने बदलणार? माणसाला काही डब्यासारखं पाठीमागून उचलून ठेवता येत नाही. तिने काच खाली ठेवली, स्वयंपाकघरातून वाटी घेतली, देवघराबाहेरच्या डब्यातून पळीभर तेल काढलं, आणि ती वाटी न्हाणीत नेऊन मेजाच्या संगमरवरी फरशीवर ठेवली. अख्ख्या मेजात तेवढीच जागा हाताला चिकटत नव्हती.

"जरा हे बगा."

"काय हाय?"

"तुमीच सांगा. कसलं तेल हाय?"

भीमाशंकरने तिच्याकडे पाहिलं. मग जावयाकडे. जावई उठून दारापाशी आला होता, सासऱ्याच्या नाकाची कीर्ती त्याने हुबळीलाही ऐकली होती. भीमाशंकरने वाटी उचलली. डोळे मिटले. वाटी नाकाशी धरली, एक थेंब तळव्यावर घेऊन चोळला, सगळं पूर्वीसारखं. आरशात त्याचा चेहरा दिसत होता, दोन नंदीध्वजांच्या मधोमध.

तो थांबला होता. दाक्षायणीला कळत होतं, कशासाठी थांबलाय. वर्षभर ती त्याला हे देत आली होती आणि आता तिने ओठ घट्ट मिटून घेतले. घसा खवखवत होता.

ओटीवरून बसम्मा एकदा खोकली. जरा थांबून पुन्हा खोकली.

दाक्षायणीने मान वळवून सासूकडे पाहिलं. म्हातारी छताकडे बघत होती. म्हणजे हिलाही खुणा ठाऊक होत्या, वर्षभर. पण चोख की भेसळ हा सवालच नव्हता, आणि दोन खोकल्यांचं काय करायचं हे बिचाऱ्याला कळेना. त्याने डोळे उघडले आणि वाटीत पाहिलं, मग आईकडे, मग बायकोकडे. इतका एकटा तो तापातही दिसला नव्हता.

"गोडं हाय," तो म्हणाला. म्हणताना आवाज शेवटी वर गेला, प्रश्न विचारतात तसा.

दाक्षायणीने त्याच्या हातातून वाटी काढून घेतली. तळवा तेलाचा होता, तो तिने आपल्या पदराने पुसला, एकेक बोट.

"जवस हाय," ती म्हणाली. "देवाच्या डब्यातलं. आन् गोडं तेल ह्या मेजाला लागलंय, म्हणून ते वाळंना. ज्ञानूचा रंग चोख हाय. तुमाला वास येत न्हाय. गेल्या थंडीतल्या तापापासनं येत न्हाय. मला ठाऊक हाय, अव्वाला ठाऊक हाय, ज्ञानूला ठाऊक हाय, आन् सगळ्यात आधी तुमाला ठाऊक हाय. हितनं पुढं डबे मी हुंगनार, तुमच्या शेजारी बसून, उघड. खोकून खोकून माजा घसा बसलाय."